आरएक्स १००चा कोनसेट घरच्या घरी कसा बदलायचा

जुन्या गाडीची चाल बिघडली की आपण आधी टायर बघतो, मग शॉकअप, मग चाकाचे बेअरिंग. कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या मानेतल्या बेअरिंगची, आठवण सगळ्यात शेवटी होते. खरं तर गाडीचं पुढचं अख्खं टोक फ्रेमला जोडलेलं असतं ते कोनसेटवरच. तो बिघडला की चांगल्यातली चांगली आरएक्ससुद्धा रस्त्यावर भरवशाची राहत नाही.

हा लेख यामाहा आरएक्स १०० समोर ठेवून लिहिला आहे. १९८५ ते १९९६ या काळात विकल्या गेलेल्या या ९८ सीसी टू-स्ट्रोक गाड्या महाराष्ट्रात आजही हजारोंनी जपल्या जातात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या कोनसेटला वर्षानुवर्षं ग्रीस लागलेलं नसतं. राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट असेल तरी तत्त्व तेच आहे. खोलण्याचा क्रम थोडा वेगळा, एवढंच.

आधी खात्री करा

गाडी मेन स्टँडवर लावा आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक जमिनीपासून सुटेल इतकं उचला. हँडल दोन बोटांनी धरून अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर, म्हणजे चाक सरळ असताना, हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोनसेटला कट, म्हणजे बारीक खड्डे, पडले आहेत. फिरताना बारीक करकर जाणवत असेल तर आत गंज किंवा माती आहे.

आता गाडीसमोर बसा. दोन्ही शॉकअप खालून, अॅक्सलजवळ धरून पुढे-मागे हलवा. हलवणारा दुसरा कोणी असेल तर उत्तम. मग तुमचं बोट फ्रेमची मान आणि खालची टी (मानेत जाणारा दांडा आणि दोन्ही शॉकअप धरणारा भाग) यांच्या सांध्यावर ठेवता येतं. हालचाल तिथे जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलाई, कोनसेटची. बोटाखाली काही हलत नाही आणि तरी शॉकअप खुळखुळतोय, तर झीज शॉकअपच्या पाइपची आहे. चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवल्यावर खेळ लागला तर चाकाचे बेअरिंग बघा. या तिन्ही गोष्टींत नेहमी गल्लत होते आणि लोक उगाच नवे शॉकअप घेऊन बसतात.

चालवताना कळणारी लक्षणं दोन प्रकारची. कोनसेट सैल असेल तर पुढचा ब्रेक दाबताना किंवा स्पीड ब्रेकर उतरताना मानेतून ‘टक्’ असा आवाज येतो. कट पडले असतील किंवा फार आवळला असेल तर कमी वेगात गाडी सरळ जात नाही. सारखी इकडे-तिकडे झुकते आणि तुम्ही नकळत हँडल सावरत राहता.

एक काळजी घ्या. गंजलेली क्लच केबल किंवा ताणलेली वायरिंगसुद्धा हँडल जड करते. टाकी काढून, केबल मोकळ्या करून पुन्हा एकदा फिरवून बघा.

कट का पडतात

खड्ड्यांमुळे, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. गाडी सरळ रस्त्यावर धावते तेव्हा हँडल जेमतेम अंशभर हलत असतं. कोनसेटमधले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, पूर्ण फिरत नाहीत, एकाच जागी थरथरत राहतात. त्यांच्याखालचं ग्रीस हळूहळू बाजूला सरकतं, लोखंडावर लोखंड घासतं आणि तिथे तांबूस पूड तयार होते. वर्षभर हे चाललं की कपात, म्हणजे छर्रे ज्यात बसतात त्या वाटीत, छर्‍यांच्या मापाचे बारीक खड्डे पडतात. त्यात कोनसेट सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याचा घणाघात या जागांवरच बसतो. सगळ्यात वाईट अवस्था खालच्या कपाची होते, कारण गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर तिथे येतो. शिवाय पाणी आणि चिखल चाकावरून थेट तिथेच उडतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप मानेवर धरला की उरलंसुरलं ग्रीसही निघून जातं.

म्हणून कट पडलेला कोनसेट आवळून दुरुस्त होत नाही. आवळल्यावर प्ले जातो, आवाज थांबतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात छर्रे त्याच खड्ड्यांत आणखी घट्ट रुततात. कप काढून थोडा फिरवून पुन्हा ठोकायचा, म्हणजे खड्डे मध्यावरून सरकतात, असाही एक जुगाड चालतो. वळणावर झुकलेल्या गाडीत हँडल अडकावं असं कोणालाच वाटणार नाही. हा जुगाड करू नका.

काय विकत घ्यायचं

पूर्ण सेट घ्या: फ्रेममधले वरचा आणि खालचा कप, टीवरचा खालचा कोन, रिंग नटखालचा (टीच्या दांड्यावरच्या खाचांच्या नटखालचा) वरचा कोन आणि सगळे छर्रे. फक्त छर्रे बदलून काही साधत नाही. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत किंवा ऑनलाइन सेट मिळतो, पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुकानातच कप उजेडात धरून आतली गोल वाट बघा. ती आरशासारखी गुळगुळीत हवी. लेथच्या टूलच्या रेषा दिसत असतील तर परत द्या. घरी आणल्यावर कपाच्या बाहेरच्या, कामाला न येणाऱ्या कडेवर बारीक कानस हलकी फिरवा. कानस घसरली तर धातूला पाणी नीट दिलेलं आहे, म्हणजे तो नीट कठीण केलेला आहे. चावली तर तो कप महिन्याभरात खड्डे धरेल.

छर्रे मी सेटमधले वापरत नाही, बेअरिंगच्या दुकानातून क्रोम स्टीलचे वेगळे घेतो. यामाहाच्या या काळातल्या लहान गाड्यांत वरचे छर्रे ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमी, आणि खालचे १/४ इंची, म्हणजे ६.३५ मिमी असतात. व्हर्नियर लावून तपासा आणि दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा.

छर्‍यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवावं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. रोलर रेषेवर टेकतो आणि छर्रा बिंदूवर, त्यामुळे रोलरमध्ये भार जास्त जागेत वाटला जातो आणि तो कट लवकर धरत नाही, हे खरं. पण बाजारातल्या किटची उंची मूळ सेटपेक्षा वेगळी निघाली तर टी खाली-वर सरकते, रिंग नटला आटे कमी पडतात किंवा हँडल लॉक जुळत नाही. आरएक्ससारख्या शंभरेक किलोच्या गाडीला चांगला छर्‍यांचा सेट पुरून उरतो. साइडकार ओढणाऱ्या किंवा लांबच्या प्रवासाला निघालेल्या जड बुलेटला टेपर रोलर घालणं मला पटतं. आरएक्सला नाही.

हत्यारं

नेहमीचे रिंग पाने आणि गोटी पाने, रिंग नटसाठी सी-पाना (नटच्या खाचेत अडकणारा वाकडा पाना), लांब पोलादी सळई किंवा पंच, हातोडी, रबरी हातोडी, पातळ छिन्नी. कप बसवायला फूटभर लांबीचा १२ मिमीचा आटे पाडलेला रॉड, दोन नट आणि कपाला पूर्ण झाकतील असे जाड वॉशर. हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हातोडीने कप ठोकण्यापेक्षा या रॉडने ओढून बसवणं कितीतरी चांगलं. लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा). रॉकेल किंवा डिझेल, फडकी, आणि छर्रे पडतील ते झेलायला एक पसरट ताट.

रिंग नट छिन्नी-हातोडीने सोडवायची सवय फार जणांना असते. तुमच्या गाडीच्या रिंग नटच्या खाचा बघा, आधीच्या हातांच्या खुणा दिसतील. सी-पाना घ्या. शेवटची सेटिंगही त्यानेच करायची आहे.

खोलणे

पेट्रोल कॉक बंद करून टाकी काढा आणि लांब ठेवा. बॅटरीची वायर सोडवा. हेडलाइटची काच काढून आतल्या वायरिंगचे मोबाइलवर फोटो घ्या, दोन-तीन बाजूंनी. चाळीस वर्षांत तिथे किती जोड झाले असतील सांगता येत नाही, आणि रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. सॉकेट सोडवून डूम (हेडलाइटचा डबा) बाजूला करा, स्पीडोमीटरची केबल आणि मीटर काढा. हँडल मात्र केबलसकट क्लॅम्पमधून सोडवून मागे सीटवर फडक्यावर ठेवा. अॅक्सिलरेटरची केबल कार्बोरेटर आणि ऑइल पंप दोन्हीकडे जाते. तिची सेटिंग उगाच हलवायची नाही.

पुढची ब्रेक केबल सोडवून चाक काढा, मग मडगार्ड. वरच्या क्राउनचा, म्हणजे शॉकअपची वरची टोकं धरणाऱ्या पट्टीचा, मधला मोठा नट गाडी जमिनीवर पक्की असतानाच थोडा सैल करून ठेवावा. शॉकअप निघाल्यावर जोर लावायला काही धरायला उरत नाही. मग शॉकअपचे वरचे कॅप बोल्ट आणि टीवरचे पिंच बोल्ट सोडून दोन्ही शॉकअप खाली ओढून घ्या. गंजाने धरले असतील तर पिंचच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर अलगद सरकवून फट किंचित उघडा. पाचर ठोकू नका, टीचे कान तुटतात. पुढचा भार निघाल्यावर गाडी मागे झुकते, म्हणून इंजिनखालचा ठोकळा जागेवर आहे ना ते पुन्हा बघा.

क्राउन काढा. आता ताट खाली, एका हाताने टी वर दाबून धरलेली, आणि दुसऱ्या हाताने रिंग नट. वरचा कोन उचलला की वरचे छर्रे दिसतील. ग्रीस असेल तर ते चिकटून राहतात, सुकलं असेल तर सांडतात. टी सावकाश खाली सोडा.

छर्रे मोजून लिहून ठेवा, पण तो आकडा अंतिम मानू नका. आधीच्या मेकॅनिकने हाताला लागतील तेवढे टाकलेले असू शकतात.

जुना कप पुसून खिडकीजवळ न्या आणि उजेड तिरका पडेल असा धरा. पुढच्या आणि मागच्या बाजूला ठिपक्यांची रांग दिसेल. नख फिरवलं की प्रत्येक ठिपक्यावर ते किंचित अडतं. नखाला जाणवणारं हेच अडणं हँडलवर येत होतं.

जुने कप आणि कोन काढणे

वरचा कप खालून आणि खालचा कप वरून, मानेच्या नळीत लांब सळई घालून ठोकायचा. कपाच्या आतली कड शोधा, तिच्यावर सळई टेकवा आणि आळीपाळीने समोरासमोर ठोका. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर कप तिरका होऊन नळी ओरबाडतो. कड सापडतच नसेल तर वेल्डिंगवाल्याची मदत घ्या. कपाच्या आतल्या वाटेवरून वेल्डिंगची एक गोल ओळ काढली की थंड होताना ती आकसते आणि कप जवळजवळ हाताने निघतो. त्याआधी सीडीआय युनिट (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) काढा, बॅटरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा मानेजवळच लावायला सांगा.

टीवरचा खालचा कोन जास्त चिवट असतो. त्याच्या खाली दोन बाजूंनी पातळ छिन्नी हलक्या ठोक्यांनी सरकवत न्या, मग पुलर लावा. अगदीच हलत नसेल तर ग्राइंडरने कोनावर एक खाच पाडा. पूर्ण कापायचं नाही, पाऊण जाडीपर्यंतच. खाचेत छिन्नीचा एक ठोका दिला की तो तडकतो. टीच्या दांड्याला ग्राइंडर लागता कामा नये. कोनाखाली धुळीचं सील किंवा वॉशर असेल तर ते कोणत्या बाजूने होतं ते बघून ठेवा.

मधली तपासणी

इथे घाई करू नका. गाडी आता परत एवढी खोलली जाणार नाही. नळीच्या दोन्ही टोकांना आतून बोट फिरवा. उठलेली कड असेल तर बारीक पॉलिश पेपरने घालवा. नवा कप हाताच्या जोराने आत जात असेल तर नळी मोठी झाली आहे. पंचाने ठोके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून वेळ मारून नेऊ नका. चांगल्या लेथवाल्याकडून कपाला बाहेरून माप वाढवून घ्यावं लागेल. मानेच्या वेल्डिंगभोवती रंगाला केसासारखी चीर दिसते का ते बघा.

टी लेथवाल्याकडे नेऊन सेंटरवर फिरवून घ्या. समोरून धडकलेल्या गाड्यांची टी वाकलेली निघते आणि बाहेरून ते कळत नाही. वाकलेल्या टीवर कितीही महागडा कोनसेट घातला तरी हँडल एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला सैल लागणार. आटे दुखावलेले असतील तर ते याच वेळी साफ करून घ्या. रिंग नट सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे.

नवे बसवणे

फ्रेममधले दोन्ही कप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी मानेची नळी हीट गनने हाताला चांगली गरम लागेल इतकी तापवा. रंग जपायचा असेल तर त्याहून जास्त नको. नळीत ग्रीसचा पुसट हात फिरवा, कप ठेवा, रॉड आरपार घालून दोन्हीकडे वॉशर आणि नट लावा, आणि आवळत चला. पहिले दोन मिलिमीटर महत्त्वाचे. कप सरळ शिरतोय ना ते चहूबाजूंनी बघा. तिरका वाटला तर लगेच काढून पुन्हा सुरू करा, ‘पुढे सरळ होईल’ म्हणत आवळू नका. वॉशर कपाच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे, छर्‍यांच्या वाटेवर नाही.

रॉड नसेल आणि ठोकायचंच असेल तर जुना कप नव्यावर ठेवून ठोका. त्याचा बाहेरचा घेर आधी थोडा घासून कमी करा, नाहीतर तो आतच अडकतो. कप तळाला पोचला की ठोक्याचा बद्द आवाज बदलून टणक, खणखणीत होतो. त्यानंतर एक ठोकाही जास्त मारू नका. शेवटी कप आणि नळी यांच्या फटीत पातळ फीलर गेज घालून बघा. कुठेही शिरलं तर कप अजून बसलेला नाही.

टीवरच्या कोनासाठी उलटं: टी थंड, कोन गरम. कोन तेलात किंवा ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. गॅसच्या ज्योतीवर धरू नका, पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि नवा कोन मऊ पडतो. सील आधी घालायला विसरू नका. मग दांड्यावर सैल बसेल असा पाइप घेऊन, त्याचं टोक कोनाच्या आतल्या कडेवर टेकवून एक-दोन ठोक्यांत कोन तळाशी बसवा.

छर्रे भरणे

खालच्या कोनावर आणि वरच्या कपात ग्रीसचा जाड थर द्या. मोठे छर्रे खाली टीवर, लहान वर फ्रेममध्ये. एकेक करत पूर्ण गोल भरा. नियम असा: शेवटी एका छर्‍यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी उरली पाहिजे. ती फट बघून आणखी एक कोंबायचा मोह होतो. कोंबलात तर छर्रे एकमेकांवर चढतात आणि हँडल कधीच मोकळं फिरणार नाही. उलट दोन-तीन छर्‍यांची जागा रिकामी राहिली तर तुमच्याकडे छर्रे कमी किंवा लहान मापाचे आले आहेत.

वरून आणखी ग्रीस लावून सगळे झाकून टाका. टीच्या दांड्यालाही पूर्ण लांबीला ग्रीस चोपडा, गंज तिथेच सुरू होतो. टी सरळ वर न्या आणि वरचा कोन ठेवून रिंग नट हाताने लावा. या क्षणी दुसरा माणूस हवाच. टी तिरकी झाली तर एखादा छर्रा निसटून खाली अडकतो. शंका आली तर उतरवून पुन्हा मोजा.

सेटिंग

आतापर्यंतचं काम ताकदीचं आणि स्वच्छतेचं होतं, इथून पुढे हाताचं. सी-पान्याने रिंग नट बऱ्यापैकी घट्ट करा आणि टी दोन्ही टोकांपर्यंत आठ-दहा वेळा फिरवा. यात छर्रे आणि कप आपापली जागा घेतात. मग नट पाव फेरा सैल करा. आता हळूहळू आवळत न्या, प्रत्येक वेळी टी पुढे-मागे हलवून बघा. प्ले नाहीसा झाला त्या जागी थांबा.

क्राउन, शॉकअप, मडगार्ड, चाक चढवा. टीवरचे पिंच बोल्ट सैलच ठेवून आधी मधला मोठा नट पूर्ण आवळा, मग कॅप बोल्ट, मग पिंच बोल्ट. पिंच आधी आवळले तर क्राउनला खाली बसायला वाव राहत नाही आणि नट घट्ट वाटूनही कोनसेटवर खरा दाब येत नाही. मधला नट आवळला की आट्यांमधली सैल जागा भरून निघते आणि सेटिंग थोडी घट्ट होते. म्हणूनच रिंग नट आधी किंचित सैल बाजूला ठेवतात. किती, ते दोन-तीनदा करून बघितल्यावर हाताला कळतं. मधला नट सोडायचा, रिंग नट चिमूटभर फिरवायचा, पुन्हा आवळून बघायचं. हे कंटाळवाणं आहे, पण सगळ्या मेहनतीचं फळ इथेच ठरतं.

शेवटची परीक्षा हँडल जागेवर लावून, चाक अधांतरी आणि केबल मोकळ्या असताना. हँडल सरळ ठेवून एका बोटाने हलका टिचका द्या. ते आपल्या वजनाने टोकापर्यंत पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखं. मध्येच थांबलं तर घट्ट आहे. पुन्हा समोर बसून शॉकअप ओढा. बोटाखाली काही हलता कामा नये.

मग केबल, वायरिंग, डूम, मीटर, टाकी. केबल मानेच्या ज्या बाजूने होत्या त्याच बाजूने न्या आणि हँडल पूर्ण वळवून इंजिन चालू ठेवून बघा. रेस वाढली तर अॅक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे.

जुन्या बुलेटबद्दल

कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेटमध्ये हेडलाइटचा डूम आणि वरचा क्राउन हे एकच अॅल्युमिनियमचं कास्टिंग असतं, त्यामुळे आरएक्ससारखा क्राउन वेगळा उचलता येत नाही. त्याच्यावर लोखंडी हातोडी मारू नका, तडा गेला तर मूळ कास्टिंग मिळणं अवघड. छर्रे वर-खाली दोन्हीकडे १/४ इंची, १९ आणि १९.

नंतरची देखभाल

पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर चाक उचलून प्ले पुन्हा तपासा. नवे कप थोडे बसतात आणि सेटिंग हमखास सैल होते. तेव्हा न आवळता तशीच गाडी चालवली तर नव्या कोनसेटला पहिल्याच पावसाळ्यात कट पडतात. त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की एकदा चाक उचलून बघणं पुरे. दोन-तीन वर्षांनी टी उतरवून जुनं ग्रीस पूर्ण धुऊन नवं भरा. जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचं नवं थापू नका, काही ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात. आणि वॉशिंगवाल्याला मानेजवळ प्रेशर मारू नको म्हणून प्रत्येक वेळी, गाडी रॅम्पवर चढवायच्या आधी सांगा.